वेंगुर्ल्याच्या माथ्यावरची फिकट दीर्घिका

नोव्हेंबरच्या मध्यावर, रात्री पावणेअकराच्या सुमाराला वेंगुर्ल्यात उभं राहून मान थेट वर केली, तर नजर जिथे पोचते तिथे एक अख्खी सर्पिल दीर्घिका असते. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच, पण वेगळी आणि फार लांबची, ताऱ्यांची वसाहत. हिचं नाव एम ७४, शार्ल मेसिए याच्या धूसर वस्तूंच्या यादीतलं. दुसऱ्या यादीत एनजीसी ६२८. तिची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं उत्तरेकडचं अंतर, सध्या १५ अंश ५५ कलांच्या (६० कला म्हणजे एक अंश) आसपास आहे, आणि वेंगुर्ल्याचा अक्षांशही जवळपास तेवढाच. क्रांती आणि अक्षांश जुळले की ती वस्तू दिवसातून एकदा बरोबर डोक्यावरून जाते. रत्नागिरीहून ती खस्वस्तिकापासून, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूपासून, अंशभर दक्षिणेला जाते, अलिबागहून पावणेतीन अंश. चंद्राच्या बिंबाची रुंदी अर्धा अंश असते, त्यावरून हा फरक किती थोडा ते कळेल.

डोक्यावरच्या वस्तूचा प्रकाश हवेच्या सगळ्यात पातळ थरातून येतो. लंडनहून हीच दीर्घिका फार तर ५४ अंश उंच चढते, म्हणजे तिथल्या माणसाला ती सव्वापट हवेतून पाहावी लागते. क्षितिजाजवळचा गावांचा उजेड, समुद्रावरच्या होड्यांचे दिवे, खाडीवरचं धुकं, यांतलं काहीच खस्वस्तिकापर्यंत नीट पोचत नाही. या एका दीर्घिकेच्या बाबतीत कोकणपट्टीला मिळालेली जागा फार चांगली आहे.

आणि तरीही मेसिएच्या यादीतल्या ११० वस्तूंमध्ये सर्वांत अवघड कोणती, असं कुणाही अनुभवी आकाशनिरीक्षकाला विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर एम ७४ हेच मिळतं. इंग्रजीत तिला ‘फँटम’ असं टोपणनाव पडलं आहे, आहे-नाही असा भास देणारी म्हणून. पिएर मेशाँ या फ्रेंच निरीक्षकाला ती १७८० च्या सप्टेंबरअखेरीस सापडली, शार्ल मेसिएने ऑक्टोबरात खात्री करून यादीत ७४ वा क्रमांक दिला. पुढे जॉन हर्शेलसारख्या मुरलेल्या माणसाने तिची नोंद गोलाकार तारकागुच्छ अशी केली. त्याची चूक समजण्यासारखी आहे, कारण दुर्बिणीतून जे दिसतं ते खरोखरच एका धुरकट ठिपक्याइतकंच असतं.

९.४ हा आकडा का फसवतो

यादी उघडली की एम ७४ च्या पुढे दृश्यप्रत ९.४ असं लिहिलेलं असतं. प्रतीचा हिशेब उलटा असतो: आकडा मोठा तितकी वस्तू फिकी, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे प्रकाशात शंभरपट फरक. ९.४ प्रतीचा तारा अंधाऱ्या आकाशाखाली साध्या ५० मिलिमीटरच्या द्विनेत्रीतूनही दिसतो. मग नवखा माणूस म्हणतो, ही तर सोपी! आणि तासभर शोधून हात हलवत परततो.

गोम अशी की ९.४ ही दीर्घिकेच्या सगळ्या प्रकाशाची बेरीज आहे. ताऱ्याचा प्रकाश एका टिंबात असतो. दीर्घिकेचा प्रकाश १०.५ गुणिले ९.५ कलांच्या तबकडीवर पसरलेला असतो, म्हणजे चंद्रबिंबाच्या साधारण एक तृतीयांश रुंदीवर. मूठभर तांदूळ सुपात ढीग करून ठेवले तर लांबून दिसतात. तेच तांदूळ सबंध खळ्यात विखरून टाकले तर दाणे तेवढेच, पण खळं रिकामंच वाटतं.

हिशेब करून पाहू. त्या लंबगोलाचं क्षेत्रफळ सुमारे ७८ वर्ग कला, म्हणजे जवळपास २ लाख ८२ हजार वर्ग विकला (एका कलेत ६० विकला). ९.४ प्रतीचा प्रकाश एवढ्या जागेवर सारखा वाटला तर दर वर्ग विकलेच्या वाट्याला साधारण २३ व्या प्रतीचा प्रकाश येतो. यालाच पृष्ठीय तेजस्विता म्हणतात, आणि पसरट वस्तूंसाठी कामाचा आकडा हाच.

आता तो आकाशाशी ताडून पाहा. रात्रीचं आकाश कधीच पूर्ण काळं नसतं. वातावरणाची स्वतःची मंद चमक असते, त्यात गावा-शहरांचा उजेड मिसळतो. गावापासून दूर असलेल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, पाऊस संपून हवा धुतल्यासारखी झालेल्या रात्री, आकाशाची पृष्ठीय तेजस्विता २१.५ च्या आसपास धरू. म्हणजे आकाश दीर्घिकेहून दीड प्रतीने, जवळपास चौपट, उजळ आहे! आपण दीर्घिका पाहतो तेव्हा काळ्या पडद्यावरचा प्रकाश पाहत नसतो. उजळ पडद्यावर पाव हिश्श्याने वाढलेला प्रकाश पाहत असतो. तालुक्याच्या गावाच्या कडेला आकाश २० वर असेल तर दीर्घिकेचा वाटा सोळाव्या हिश्श्यावर येतो. महानगराच्या १८ प्रतीच्या आकाशात तो शंभरावा हिस्सा होतो, आणि शंभरातला एक डोळ्याला कळत नाही. शेणाने सारवलेल्या गडद खळ्यात विखुरलेले तांदूळ अजून ओळखू येतील, पण खाली पांढरी फरशी असेल तर संपलंच.

हे सगळे सरासरीचे आकडे आहेत. मधला लहानसा गाभा सरासरीहून बराच उजळ असतो आणि बहुतेकांना आधी तोच दिसतो. सर्पिल हात सरासरीहून फिके असतात.

मोठी दुर्बीण यात काय करते, याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. कोणतीही दुर्बीण पसरट वस्तूची पृष्ठीय तेजस्विता नुसत्या डोळ्याला दिसते त्याहून वाढवू शकत नाही. ती प्रतिमा मोठी करते, आणि तेवढं मोठं करूनही ती फार अंधारू देत नाही. डोळ्याची मेख अशी की फिकट वस्तू लहान असेल तर हरवते. तीच तितकीच फिकट पण आकाराने मोठी झाली तर सापडते. म्हणून २०० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीत १५० पेक्षा जास्त दिसतं, पण सड्यावरच्या १५० मध्ये शहरातल्या ३०० पेक्षाही जास्त दिसतं. पैसे खर्च करायचे असतील तर आधी पेट्रोलवर करावेत.

शोधायची पद्धत

जागा म्हणून जांभ्याचा सडा उत्तम. उघडं आकाश, झाडांची आडकाठी नाही, आणि किनाऱ्यापासून दोन-चार किलोमीटर आत असेल तर खाऱ्या तुषारांचाही त्रास कमी. फक्त कातळ दिवसभर तापलेला असतो आणि संध्याकाळनंतर दोन-तीन तास उष्णता सोडत राहतो. त्याच्या थेट वर दुर्बीण ठेवली तर तारे उकळत्या पाण्यातून दिसावेत तसे हलतात. गवताळ भाग निवडा किंवा रात्री नवापर्यंत थांबा.

महिने नोव्हेंबर आणि डिसेंबर. ही दीर्घिका डोक्यावर येण्याची वेळ दर महिन्याला दोन तासांनी अलीकडे येते: ऑक्टोबरच्या मध्यावर रात्री साडेबाराच्या पुढे, नोव्हेंबरच्या मध्यावर पावणेअकराला, डिसेंबरच्या मध्यावर पावणेनऊच्या आत-बाहेर. चंद्र नको, म्हणून अमावास्येच्या आगेमागेचे पाच-सहा दिवस. लक्ष्मीपूजनाची अमावास्या टाळलेली बरी, फटाक्यांचा धूर आणि दारोदारच्या आकाशकंदिलांमुळे. कार्तिक आणि मार्गशीर्ष अमावास्या सर्वांत चांगल्या. तेव्हा रात्री जमिनीकडून मतलई वारा सुटलेला असतो आणि हवा त्यामानाने कोरडी असते. शिमग्याच्या सुमाराला ही दीर्घिका पश्चिमेला उतरलेली असते, शिवाय भाजावळीचा धूर.

पत्ता सोपा आहे. मेष राशीत हमल हा ठळक तारा आणि त्याच्या नैऋत्येला चार अंशांवर शेरतान, म्हणजे अश्विनी नक्षत्राचा तारा. हमलपासून शेरतानपर्यंत रेघ ओढा आणि ती तशीच पुढे, त्या अंतराच्या दुप्पट वाढवा. रेघ जिथे संपते तिथे मीन राशीतला ईटा हा ३.६ प्रतीचा तारा सापडतो, नुसत्या डोळ्यांनी. दीर्घिका त्याच्या पूर्वेला, किंचित उत्तरेकडे, १.३ अंशांवर आहे.

इथपर्यंत सगळे पोचतात. चुकतात ते शेवटच्या सव्वा अंशात, कारण दुर्बीण हलवताना दृश्यक्षेत्रातून जाणारा फिकट धुरकटपणा लक्षातच येत नाही. त्यावर मोटार नसलेल्या दुर्बिणीसाठी एक पक्का उपाय आहे. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण आणि ३२ मिलिमीटरची प्लॉसल जातीची साधी नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, घ्या. ३७ पट वर्धन आणि १.३ अंशाचं दृश्यक्षेत्र मिळेल. ईटा मध्यावर आणा. मग दुर्बीण ध्रुवाच्या दिशेला २६ कला सरकवा, म्हणजे ईटा मध्यापासून दृश्यक्षेत्राच्या रुंदीच्या एक तृतीयांशाइतका बाजूला जाईल. आता हात काढून घ्या आणि घड्याळ लावा. पृथ्वी फिरते, आकाश पश्चिमेकडे सरकतं, आणि बरोबर ५ मिनिटं १३ सेकंदांनी एम ७४ आपणहून मध्यावर येते. दोघांच्या विषुवांशांतला, म्हणजे आकाशातल्या पूर्व-पश्चिम जागांतला, फरकच तेवढा आहे. मधल्या वेळात ईटाच्या उजेडाने दिपलेला डोळाही थोडा सावरतो.

डॉब्सन पद्धतीच्या, म्हणजे फिरत्या बुडावर बसवून हाताने वर-खाली आणि आडव्या हलवायच्या, दुर्बिणीचा एक दोष इथे नडतो. ती डोक्यावरच्या वस्तूकडे वळवली की आडवी फिरवायला तरफच मिळत नाही. थोडीशी हलवायला अख्खं बूड गरगर फिरवावं लागतं. म्हणून डोक्यावर येण्याच्या तासभर आधी किंवा तासभर नंतर पाहा. तेव्हा ती ७५ अंशांवर असते, आणि हवेचा थर खस्वस्तिकापेक्षा जेमतेम तीन टक्के जास्त. काही गमावत नाही.

डोळ्याला अंधाराची सवय व्हायला किमान अर्धा तास द्या. त्या वेळात मोबाइलचा पडदा एकदाही उजळला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मग वस्तूकडे थेट बघू नका. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी मंद प्रकाश ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ नसतात. त्या कडेला दाट असतात. उजव्या डोळ्याने पाहत असाल तर नजर वस्तूच्या थोडी उजवीकडे न्या, डाव्याने पाहत असाल तर डावीकडे. उलट केलंत तर प्रतिमा डोळ्याच्या आंधळ्या ठिपक्यावर पडू शकते. नळीवर बोटाने हलकी टिचकी मारा: हलणारा फिकटपणा डोळा लवकर पकडतो. एकदा सापडली की वर्धन ८० ते १०० पर्यंत वाढवा. दीर्घिका आणि आकाश दोन्ही सारखेच अंधारतात, पण आकार वाढल्याने कडा कळू लागते. १५० मिलिमीटरमध्ये ताऱ्यासारखा पुसट गाभा आणि भोवती धूसर वर्तुळ, एवढं दिसलं तरी निरीक्षण पुरं झालं. हातांची चाहूल लागायला २५० ते ३०० मिलिमीटर आणि खरोखर काळी रात्र लागते.

प्रकाशप्रदूषण कापणारे फिल्टर इथे उपयोगाचे नाहीत. ते तेजोमेघांवर चालतात, कारण तेजोमेघ मोजक्या रंगांच्या रेषांतच प्रकाश देतात. दीर्घिका ताऱ्यांनी बनलेली, तिचा प्रकाश सर्व रंगांत पसरलेला. फिल्टर आकाशाबरोबर तिलाही कापतो.

दहिवर आणि बुरशी

कोकणात निरीक्षण बंद पाडणारी पहिली गोष्ट ढग नसते, दहिवर असतं. हवा २२ अंशांवर आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू १९.४ अंशांवर असतो. उघड्या आकाशाखाली ठेवलेली काच उष्णता वर सोडत हवेपेक्षाही थंड होते, आणि तिला फक्त अडीच अंश गार व्हायचं असतं. हे तासाभरात घडतं. आधी शोधक दुर्बीण आणि नेत्रिका धूसर होतात, मग पुढची काच. दीर्घिका ‘दिसेनाशी’ झाली की आधी काचेवर टॉर्च तिरका मारून बघा, लाल टॉर्च.

पुढची काच उघडी असलेल्या दुर्बिणीला नळीच्या व्यासाच्या दीडपट लांबीचं कवच लावा. योगासनांची फोमची चटई कापून गुंडाळली तरी काम भागतं. आरसा तळाशी असलेल्या न्यूटनच्या रचनेत मुख्य आरसा बऱ्यापैकी वाचतो, वरचा लहान आरसा भिजतो. दव पुसायचं कधीच नाही. कापडाबरोबर मिठाचा कण फिरला की मुलामा ओरखडतो. कोमट हवेचा हलका झोत लांबून द्या आणि थांबा.

खरं नुकसान घरी आल्यावर होतं. ओली दुर्बीण पेटीत बंद करून ठेवली की पावसाळ्यात काचेवर बुरशीचं जाळं धरतं, आणि ते मुलाम्यात खोल गेलं की निघत नाही. रात्रभर उघडी वाळवा, मग हवाबंद पेटीत सिलिका जेलबरोबर ठेवा. जेलचा रंग बदलला की ११० ते १२० अंशांवर दोन तास भट्टीत तापवून पुन्हा वापरता येतं. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी पेटी उघडून बघावी.

समोरून दिसण्याची किंमत

एम ७४ इतकी फिकी का, याचं एक कारण तिच्या बसण्यात आहे. सर्पिल दीर्घिका भाकरीसारखी चपटी असते. काही दीर्घिका आपल्याला कडेने दिसतात, काही तिरक्या. ही जवळजवळ थेट समोरून दिसते, जेमतेम नऊ अंश कललेली. तिरकी असती तर तेवढेच तारे अरुंद पट्टीत दाटून दिसले असते आणि दुर्बिणीत ती लवकर सापडली असती. समोरून पाहताना तबकडीची फक्त जाडी आडवी येते, म्हणून प्रकाश पातळ.

त्याच बसण्यामुळे तिचे दोन हात मुळापासून टोकापर्यंत, एकमेकांच्या आड न येता दिसतात. सर्पिल रचना अभ्यासायला इतका स्वच्छ नमुना जवळपास थोडाच आहे. मधला भाग पिवळसर, तिथे म्हातारे तारे. हात निळसर, कारण तिथे नुकतेच जन्मलेले, तापट, अल्पायुषी तारे. हातांवर गुलाबी ठिपके, हे तापलेल्या हायड्रोजनचे ढग. हातांच्या आतल्या कडेला धुळीच्या काळ्या रेषा. जेम्स वेब दुर्बिणीने अवरक्त प्रकाशात टिपलेलं तिचं चित्र ऑगस्ट २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यात हीच धूळ चमकताना दिसते: गाभ्यापासून निघालेले बारीक तंतू आणि त्यांच्यामध्ये ताऱ्यांनी फुंकून मोकळे केलेले पोकळ फुगे.

हात म्हणजे ताऱ्यांची कायमची रांग, असं वाटणं साहजिक आहे, पण तसं असतं तर हिशेब जुळत नाही. आतले तारे फेरी लवकर पुरी करतात, बाहेरचे उशिरा. तेच तारे हातात राहिले असते तर काही फेऱ्यांतच हात घड्याळाच्या कमानीसारखे गुंडाळून गेले असते. सी. सी. लिन आणि फ्रँक शू यांनी १९६४ मध्ये मांडलेलं उत्तर असं: हात ही दाटीची लाट आहे. गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर एखाद्या घाटात कोंडी होते; कोंडी तासन् तास तिथेच दिसते, पण तिच्यातल्या गाड्या बदलत राहतात. तारे आणि वायू तसेच हातात शिरतात, दाटतात, पुढे निघून जातात. वायू दाटला की नवे तारे जन्मतात, म्हणून हात उजळ. सगळ्याच दीर्घिकांचे हात याच एका कारणाने होतात असं नाही, मात्र एम ७४ सारख्या दोन ठसठशीत हातांच्या दीर्घिकांना हे स्पष्टीकरण चांगलं बसतं.

समोरून दिसण्याचा तोटा वेग मोजताना कळतो. तबकडी फिरते तेव्हा वर्णपटात आपल्याला फक्त आपल्याकडे येणारा किंवा लांब जाणारा वेग कळतो, आडवा नाही. समोरून दिसणाऱ्या दीर्घिकेत जवळजवळ सगळा वेग आडवाच असतो. समजा मोजमापात सेकंदाला २६ किलोमीटर आले. कल ९ अंश धरला तर फिरण्याचा खरा वेग १६६ किलोमीटर निघतो. कल ७ अंश असेल तर २१३, ११ असेल तर १३६. दोन अंशांची चूक, आणि वेगावरून काढलेलं वस्तुमान वेगाच्या वर्गाने बदलणार! म्हणून अशा दीर्घिकेचं वस्तुमान फिरण्याच्या वेगावरून ठामपणे सांगणाऱ्याकडे आधी कलाचा आकडा मागावा.

अंतर, वेग आणि त्यांतले खड्डे

एम ७४ चं अंतर आज सुमारे ३ कोटी २० लाख प्रकाशवर्षं मानलं जातं. ते काढायची सर्वांत भरवशाची रीत लाल राक्षसी ताऱ्यांची. म्हातारे, सूर्यासारखे तारे फुगत-फुगत एका ठरावीक तेजापर्यंतच चढतात आणि तिथून एकदम मागे येतात. हा माथा सगळीकडे जवळपास सारखाच असतो. हबल दुर्बिणीच्या चित्रांत दीर्घिकेच्या बाहेरच्या भागातले तारे एकेक मोजायचे, माथा कोणत्या प्रतीवर दिसतो ते पाहायचं, आणि खऱ्या तेजाशी ताडून अंतर काढायचं. बाहेरचा भाग घेतात तो मुद्दाम: हातांत धूळ आणि तरुण तारे मिसळून माथा पुसट होतो. वाटेत आपल्या आकाशगंगेतली धूळही प्रकाश सुमारे ०.२ प्रतीने खाते. ती वजावट विसरली तर दीर्घिका आहे त्याहून लांब वाटते.

पूर्वीचे काही अंदाज २ कोटी ४० लाख प्रकाशवर्षांपर्यंत खाली होते. हा फरक किरकोळ नाही, कारण दीर्घिकेबद्दलची बाकी माहिती अंतरावर टेकलेली असते. रुंदी १०.५ कला ही मोजलेली गोष्ट. तिचे प्रकाशवर्षांत रूपांतर अंतराशिवाय होत नाही. ३ कोटी २० लाख धरले तर व्यास एक लाख प्रकाशवर्षांच्या किंचित आत येतो, आपल्या आकाशगंगेच्या तोडीचा. जुनं अंतर धरलं तर पाऊण लाखाच्याही आत. आणि एकूण तेज अंतराच्या वर्गाने बदलतं, म्हणून तेवढ्याच फरकाने ते १.८ पट कमी-जास्त होतं. नव्या अंतरावरून तिच्यातल्या ताऱ्यांचं वस्तुमान साधारण २,००० कोटी सूर्यांइतकं येतं, आणि दर वर्षी पावणेदोन सूर्यांइतके नवे तारे त्यात घडतात.

वेगाची गोष्ट वेगळी. तो थेट मोजता येतो. हायड्रोजनची लाल रेषा प्रयोगशाळेत ६५६.३ नॅनोमीटरवर असते, एम ७४ मध्ये ती ६५७.७ वर सापडते. हीच ताम्रसृती, तिच्यावरून दूर जाण्याचा वेग सेकंदाला ६५७ किलोमीटर निघतो. रेडिओत थंड हायड्रोजनचा १४२०.४ मेगाहर्ट्झचा सूर या दीर्घिकेसाठी १४१७.३ वर ऐकू येतो. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या याच पट्ट्यातही ऐकू शकतात. असा थंड हायड्रोजन एम ७४ च्या डोळ्यांना दिसणाऱ्या तबकडीच्या खूप पलीकडेपर्यंत पसरलेला आहे.

यात एक खड्डा असा की पृथ्वी स्वतः सेकंदाला ३० किलोमीटरने धावते. जुलैत ती एम ७४ च्या दिशेने जाते, जानेवारीत तिच्यापासून लांब. एकाच दुर्बिणीने मोजलं तरी जुलैत ६२७ आणि जानेवारीत ६८७ च्या आसपास आकडा येईल. म्हणून पुस्तकात छापलेला ६५७ हा सूर्याच्या जागेवरून दुरुस्त केलेला असतो. सूर्यही आकाशगंगेभोवती फिरतोय. ती वजावट केली की आकडा आणखी शंभराहून जास्त बदलतो. विश्वाच्या प्रसरणाचा दर दर मेगापार्सेकला (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं) सेकंदाला ७० किलोमीटर धरून ६५७ ला भागलं तर अंतर ३ कोटी प्रकाशवर्षांच्या जवळ येतं आणि वाटतं, वा, जुळलं! ते जुळणं विश्वासाचं नाही. इतक्या जवळच्या दीर्घिकांचे आपापसांतल्या ओढीमुळे येणारे वेगच शे-दोनशे किलोमीटरचे असतात. ताम्रसृतीवरून अंतर काढणं शोभतं ते यापेक्षा खूप लांबच्या दीर्घिकांना.

कॅमेऱ्यात पकडायची असेल तर

डोळ्याला न दिसणारे हात कॅमेरा दाखवतो, कारण तो प्रकाश साठवतो. २०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या लेन्सने आणि ४ मायक्रॉनच्या पिक्सेलच्या कॅमेऱ्याने दीर्घिका सुमारे १५० पिक्सेल रुंद येते, ओळख पटण्याइतकी. पण तेवढ्या लेन्सवर आकाश एका सेकंदात साडेतीन पिक्सेल सरकतं, म्हणून ताऱ्यांच्या गतीने फिरणारं माउंट हवंच. सड्यावर एक-एक मिनिटाच्या १२० प्रतिमा, म्हणजे दोन तास, आणि मग त्या एकावर एक रचायच्या. हाच दर्जा १८ प्रतीच्या शहरी आकाशात हवा असेल तर आकाश पंचवीसपट उजळ, म्हणून वेळही पंचवीसपट: पन्नास तास.

सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात ती ‘फ्लॅट’, म्हणजे लेन्सचा दोष काढण्यासाठी सारख्या उजेडाची टिपलेली कोरी प्रतिमा, न घेतल्यामुळे. लेन्स कडेला मधल्यापेक्षा थोडा कमी प्रकाश देते. बाहेरचे हात सड्यावरच्या आकाशाच्याही जेमतेम चार टक्के असतात. लेन्सची उणीव दहा टक्के आणि दीर्घिका चार टक्के, मग दुरुस्तीशिवाय चित्र ताणलं की हात कुठे संपले आणि लेन्सचा दोष कुठे सुरू झाला, ते कळत नाही. पहाटे झुंजुमुंजू होताना लेन्सवर धुतलेला पांढरा पंचा दोन पदरी ताणून, फोकस न हलवता, २०-३० फ्लॅट घ्या. पंचा दवाने ओला नसावा.

चित्र नीट जमलं की त्यातला प्रत्येक ठिपका जुन्या चित्राशी ताडून बघा. या दीर्घिकेत अलीकडे तीन अतिनवतारे, म्हणजे स्फोट होऊन मरणारे तारे, फुटले. जानेवारी २००२ मधला २००२एपी, जून २००३ मधला २००३जीडी आणि जुलै २०१३ मधला २०१३ईजे. यांतल्या दुसऱ्याचं मोल वेगळं आहे: स्फोटाच्या आधीच्या चित्रांत नेमक्या त्या जागी एक लाल महाराक्षसी तारा सापडला, सूर्याच्या साधारण आठपट वस्तुमानाचा, आणि असे तारे असेच मरतात याचा थेट पुरावा मिळाला. २००२ आणि २०१३ चे अतिनवतारे बाराव्या प्रतीच्या आसपास चढले होते, म्हणजे २०० मिलिमीटरच्या दुर्बिणीच्या सहज आवाक्यात. मात्र तिघांतले दोन ऐन पावसाळ्यात उगवले, कोकणावर ढगांचं छत असताना. या दोघांच्या जातीचे अतिनवतारे तीन महिने जवळपास त्याच तेजावर टिकतात, म्हणून जुलैत फुटलेला ऑक्टोबरातही हाती लागू शकतो. दसऱ्यानंतर आकाश पहिल्यांदा मोकळं होईल त्या रात्री एम ७४ कडे एकदा दुर्बीण वळवावी आणि गाभ्याच्या भोवती, दहा कलांच्या आत, मागच्या वर्षीच्या चित्रात नसलेला ठिपका आहे का ते बघावं.